डोळे उघडे ठेवून निजणारा ससा

ही गोष्ट मोठ्याने सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. खरं म्हणजे सांगायचीच नाही, असं बजावलेलं आहे. पण हळू आवाजात सांगितली तर चालेल, असं मी मनाशी ठरवलं. तेव्हा जरा पुढे सरकून बसा.

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. त्या राज्याची एक रीत होती. राजा उठला की नगारा, राजा बसला की नगारा, या दालनातून त्या दालनात गेला तरी नगारा. नगारा वाजला नाही, तर राजा आला असं कोणी मानतच नसे.

एके दिवशी भर दुपारी राजा शिकारीला निघाला आणि नगारा वाजवत एका मांत्रिकाच्या कुरणातून गेला. कुरणात मांत्रिकाचा लाडका ससा निजला होता. तो दचकून उठला, आणि त्यानंतर त्याने डोळे मिटलेच नाहीत. मांत्रिक त्याला उराशी धरून दरबारात आला.

"राजा, माझ्या सशाची झोप तू मोडलीस. आता तुझ्या राज्यात कोणाचाही डोळा लागणार नाही."

"आणि उःशाप?" राजाने विचारलं.

"हा ससा तुझ्या घरी राहील. ज्या दिवशी तो तुझ्यासमोर डोळे मिटून निर्धास्त निजेल, त्या दिवशी सगळे निजतील."

एवढं बोलून मांत्रिक धूर झाला आणि खिडकीतून निघून गेला.

तेव्हापासून राज्यातली झोप उडाली. स्वयंपाकी आमटीत दोनदा मीठ घालू लागले, शिंपी गळ्याच्या जागी बाही शिवू लागले, पहारेकरी भाल्याला टेकून नुसत्या जांभया देऊ लागले. मोठी माणसं कसेबसे दिवस ढकलत होती. पण राजाचा धाकटा मुलगा अजून रांगत होता. तो सुकत चालला. आधी तो रडायचा, मग रडणंही थांबलं. राणी त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालायची आणि त्याचे लाल, उघडे डोळे तिच्या खांद्यावरून मागे बघत राहायचे.

ते डोळे सुरंगीला बघवत नसत. सुरंगी म्हणजे त्याची थोरली बहीण, राजकन्या. ती दरबारात आजवर एक शब्द बोललेली नव्हती. खांबाआड उभी राहायची आणि सगळं बघायची.

राजाने सशाला निजवायचा चंग बांधला. खजिन्यातून सोन्याचा पिंजरा काढला, त्यात मखमलीची गादी घातली. बदामाचा शिरा आणि केशरी पेढे ठेवले. सशाला आत सोडण्याआधी गुलाबपाण्याने अंघोळ घातली, तेव्हा तो थरथर कापला, आणि लोक म्हणाले, लाजला! राजा सारखा बघायला यायचा, आणि तो आला की नगारा वाजायचा. नगारा वाजला की ससा मागचा पाय जोराने आपटायचा. धप्! मग कोपऱ्यात अंग चोरून, टक्क डोळे उघडे ठेवून बसायचा. शेवटी त्याने खाणंही सोडलं.

"उर्मट प्राणी आहे," राजवैद्य म्हणाले. "प्रत्यक्ष महाराजांना लाथ दाखवतो!"

सुरंगी खांबाआडून पुटपुटली, "लाथ नाही ती. धोका आहे, पळा, असं सगळ्यांना सांगतोय तो."

"कळलं बाई कोणाला तरी!" खिडकीतून आवाज आला. तिथे एक साळुंकी बसली होती. "मी मांत्रिकाच्या वळचणीला राहायचे. या भुऱ्याला पिल्लू असल्यापासून ओळखते."

"साळुंकीताई, मग मी काय करू?"

"तीन कामं आहेत. दोन तुला जमतील. तिसरं जमणार नाही."

"तिसरं कोणतं?"

"आधी दोन कर. उतावळ्यांना मी काही सांगत नसते."

पहिलं काम पिंजऱ्याचं होतं. तो लुटीतला, शापित पिंजरा. त्याचं दार एकदा लागलं, की आपलं काही लाडकं दिल्यावाचून उघडत नसे. सुरंगीने पायांतले पैंजण काढले. ते आईने तिला हौसेने घडवून दिले होते. तिने ते गजांपाशी धरले, पिंजऱ्याने ते खळ्ळकन गिळले, आणि दार उघडलं. ससा मात्र जागचा हलला नाही.

"ओढ की कान धरून," साळुंकी म्हणाली.

"कान आहेत ते त्याचे. पिशवीचे बंद नव्हेत."

"शाबास! पास झालीस."

सुरंगीने आंब्याच्या लाकडाची एक पेटी आणली आणि तिला दोन भोकं पाडून घेतली, एक आत शिरायला आणि एक निसटायला. मग ती पाठ फिरवून बसली. बऱ्याच वेळाने मागे हलकी खसफस झाली. वळून पाहते तो पिंजरा रिकामा, आणि पेटीच्या भोकातून एक भुरं नाक हलतंय.

दुसरं काम गवताचं. भुऱ्याला मांत्रिकाच्या कुरणातलं वाळलं गवत हवं होतं. शिऱ्याने त्याचं पोट बिघडलं होतं. पण त्या कुरणातलं गवत पाऊल वाजलं की जमिनीत शिरायचं. राजाची माणसं घोड्यांवरून गेली आणि रिकाम्या पोत्यांनिशी परतली. सुरंगी अनवाणी गेली. पैंजण नव्हतेच. खांबाआड उभं राहून राहून तिचं पाऊल तसंही हलकं झालं होतं. गवताला वाटलं वारा आला, आणि ते जागच्या जागी डोलत राहिलं. तिने भारा बांधून आणला. भुऱ्याने एक काडी ओढली, मग दुसरी. कुरुकुरु आवाज येऊ लागला. तो ऐकून सुरंगीला इतकं बरं वाटलं, की तिचं स्वतःचं जेवायचं राहून गेलं.

"आता तिसरं सांगते," साळुंकी म्हणाली. "राजाने नगाऱ्यावाचून यावं, अनवाणी यावं आणि जमिनीवर बसावं. हात पुढे करू नये. आणि हे त्याला तू सांगायचंस, भर दरबारात."

सुरंगी खांबापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. तेवढ्यात समोरून राणी गेली, आणि तिच्या खांद्यावरून ते दोन लाल डोळे सुरंगीकडे बघत बघत दूर गेले. सुरंगी खांब सोडून पुढे झाली. तिने सगळं सांगितलं. आवाज कापत होता, पण शब्द एकही गळला नाही.

दरबारी कुजबुजले. राजाच्या कपाळावर आठी पडली.

"नगाऱ्यावाचून गेलो, तर मला राजा कोण म्हणेल?"

"ससा तर आताही म्हणत नाही, महाराज."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

"आणि धाकट्याने आता रडणंही सोडलंय," सुरंगी हळूच म्हणाली.

राजाने वाकून स्वतःच्या हाताने मोजड्या काढल्या.

दुपारी तो सुरंगीच्या दालनाशी आला; भुऱ्याची पेटी तिने तिथेच नेऊन ठेवली होती. दारातल्या म्हाताऱ्या नगारची काकांचा हात सवयीने वर गेला. टिपरी नगाऱ्यावर पडणार, इतक्यात राजाने आपला तळहात मध्ये घातला. टिपरी हातावर बसली. राजाने ओठ दाबून धरले, पण हूं की चूं केलं नाही.

तो आत येऊन फरशीवर बसला. भुऱ्या पेटीतून बाहेर आला. त्याने राजाचा अंगठा हुंगला, मग त्याच्या धोतराचा काठ थोडा कुरतडला. राजा हलला नाही. भुऱ्याने एक गिरकी घेतली आणि धाडकन कुशीवर पडला, चारही पाय ताणून.

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. "मेला!"

"नाही हो बाबा," सुरंगी कुजबुजली. "सशांना खूप सुरक्षित वाटलं की ते असेच पडतात. बघा, पोट हलतंय."

भुऱ्याने दात हलकेच एकमेकांवर घासले, समाधानाने. आणि मग त्याचे डोळे मिटले.

पलीकडच्या दालनात राणीच्या येरझारा थांबल्या. धाकट्याने एवढीशी जांभई दिली, आईच्या मानेत नाक खुपसलं आणि तो झोपला. स्वयंपाकी पोळपाटावर डोकं टेकून झोपले, पहारेकरी भाल्यांसकट झोपले, राजवैद्य वाक्याच्या मध्येच झोपले. राजा फरशीवर, सशाशेजारी, तोंड उघडं टाकून झोपला. शाप उतरला होता. सुरंगी तेवढी थोडा वेळ जागी राहिली, कारण तिला सगळ्यांना एकदा बघून घ्यायचं होतं.

तेव्हापासून त्या राज्यात दुपारी नगारा वाजत नाही. पुढे सुरंगी राणी झाली, तेव्हा तिने सिंहासनाखाली दोन दारांची एक पेटी ठेवली, आणि पहिलाच हुकूम असा काढला, की या राज्यात कोणीही, कितीही मोठा असला तरी—

"रेवू! अगं कुठे दडून बसलीस? चहा गार झाला!"

आले, आले! हळू हाक मार ना गं आई, आत्ता कुठे आपला ससा कुशीवर पडलाय!