सुटणारा सरस

एका पेठेत हैबती नावाचा सरस करणारा कारागीर राहत होता. कातडी आणि हाडं शिजवून तो असा सरस करी, की त्यानं जोडलेल्या फळ्या दोन्हीकडून बैल लावून ओढल्या तरी सुटत नसत. बाजाराच्या दिवशी तो हा खेळ सगळ्यांना दाखवी आणि वर म्हणे, "साऱ्या सरसांत माझाच सरस सरस!" बढाई होती, पण खरी होती. म्हणून लोक ऐकून घेत.

त्याच पेठेत सालू कासारीण बांगड्या भरत असे. एकदा एका बाईच्या हातातली घट्ट बांगडी वाढवताना काचेची कपची उडाली आणि सालूच्या डोळ्यात रुतली. नेत्रवैद्य उमाबाईंनी कपची अलगद काढली, पण बुबुळावर चीर राहिली. तिथं दोऱ्याचे टाके घातले, तर बुबुळ ओढलं जाऊन सालूला वेडंवाकडं दिसलं असतं. चीर तशीच ठेवली, तर डोळाच गेला असता. उमाबाईंनी डोळ्यावर पट्टी बांधली आणि हैबतीला बोलावणं पाठवलं.

हैबतीनं आपला सर्वांत कडक सरस आणला. उमाबाईंनी तो आधी खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या डोळ्यावर लावून पाहिला. चीर पक्की बंद झाली. मग त्यांनी त्यावर बोट फिरवलं.

"खड्यासारखा टोचतोय. पापणी मिटेल तेव्हा तेव्हा हा घासणार. मला मऊ सरस हवा. जखम भरेपर्यंत धरणारा, आणि भरली की विरघळून जाणारा."

हैबतीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सुटणारा सरस? बाई, पेठेत माझं नाव बुडेल."

"नाव बुडवायचं की डोळा, ते तुम्हीच ठरवा."

हैबती तणतणत निघाला. वाटेत सालूचं दुकान लागलं. पोटासाठी ती एका डोळ्यानं बांगड्या भरत बसली होती. अंदाज चुकला आणि समोरची मुलगी कळवळली. "दुखलं का गं बाय?" म्हणत सालू तिचा हात चोळू लागली, पण मुलीच्या आईनं हात काढून घेतला आणि ती दुसऱ्या दुकानाकडे वळली. हैबतीला स्वतःची लाज वाटली. तो तसाच उमाबाईंकडे परत गेला.

"करतो. पण असला सरस शिजवायचा कशाचा?"

"तुमचं बोट कापलं, तर कोण जोडतं?"

हैबती विचारात पडला. रक्त गोठतं, खपली धरते, खालची कातडी सांधली की खपली आपली आपण गळून पडते. मग दोघं कामाला लागली. उमाबाईंनी सालूचंच थोडं रक्त घेऊन त्यातला गोठणारा अंश वेगळा केला. तो किती दाट हवा आणि किती पातळ, ते हैबतीनं जमवलं. पेठेत ही बातमी फुटली. "बैलांना न हरलेला हैबती आता सुटणारा सरस करतोय!" म्हणून लोक हसले. हैबतीला ते लागलं, तरी त्यानं काम सोडलं नाही.

उमाबाईंनी तो सरस सालूच्या बुबुळावर लावला. चीर धरली गेली. हळूहळू जखम भरली आणि पट्टी सुटली. सालू पुन्हा नवऱ्यामुलींचे हात न दुखवता हिरवे चुडे भरू लागली.

लोक मुद्दाम तिचा डोळा पाहायला आले. वाकून वाकून पाहिलं.

"हैबती, तुझा सरस कुठाय? इथं तर काहीच दिसत नाही!" एकानं टोमणा मारला, "गरज सरो आणि सरस मरो!"

"तो मेला म्हणूनच तिला दिसतंय," हैबती म्हणाला आणि समाधानानं घरी गेला.

तात्पर्य: आधार असा द्यावा, की सावरेपर्यंत सुटू नये आणि सावरल्यावर टोचू नये.