मेणाचे बोळे

घाटाखालच्या एका गावात तांबटांची आळी होती. आता तिथे स्टीलच्या भांड्यांची दुकानं आहेत. पण त्या काळी दिवस उजाडला की घरोघरी हातोडे सुरू व्हायचे, आणि दोन माणसांना धड बोलायचं तर आळी सोडून नदीवर जावं लागे. काय दिवस होते ते!

या आळीत सदोबा नावाचा तांबट राहायचा. भांडं ठोकणारे पुष्कळ होते, भांडं ऐकणारा तो एकच. नवी घागर बोटाच्या पेराने वाजवायची, कान लावायचा, आणि सांधा पक्का की कच्चा ते सांगायचं. त्याने ‘खणखणीत’ म्हटल्याशिवाय आळीतली घागर बाजारात जात नसे.

आळीतला म्हातारा तांबट बहिरा असायचाच. त्याचं दुःख तर सोडाच, लोक ते बहिरेपण मिरवायचे. “कान गेले तेव्हा हात आला,” म्हणत मिशीला पीळ भरायचे.

सदोबाची बायको द्वारका तांबटाचीच लेक. बापाशी ओरडून बोलण्यात तिचं बालपण सरलं होतं. तिने मेण ऊन केलं, त्यात कापूस मळला आणि सदोबाच्या कानाच्या मापाचे दोन बोळे केले.

“अहो, हे घाला. नुसत्या कापसाने काही होत नाही, आवाज आरपार जातो.”

“अगं, कान बुजवले तर भांडं काय सांगतंय ते कळायचं कसं?”

“ठोकताना भांडं सांगत नाही, ओरडतं. ठोकून झालं की बोळे काढा, मग काय सांगतंय ते ऐका.”

सदोबाला पटलं. बोळे घातल्यापासून संध्याकाळी कानात वाजणारी शिट्टीही थांबली. पण एकदा बोळे काढून तो घागर वाजवत होता, तेवढ्यात शेजारचा गणोबा ओरडला, “सदोबा, एवढे नाजूक कान होते तर सोनार व्हायचं होतंस!”

सगळी आळी हसली. सदोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून द्वारका बाहेर आली की बोळे कानात, आत गेली की कनवटीला.

वर्षं गेली. हातोडा आपलं काम करत राहिला.

एका लग्नसराईत रुखवताची घागर तपासायला आली. सदोबाने ती वाजवली आणि सवयीने म्हणाला, “खणखणीत!” लग्नघरी घागर भरली, तर सांधा पाझरला. भर मांडवात आळीचं हसं झालं. घागर परत आली तेव्हा सदोबाने ती पुन्हा वाजवली, कान अगदी टेकवला. घागर काय सांगतेय ते कळेना. त्यानंतर त्याच्याकडे तपासायला कुणी घागर आणली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने उरलेसुरले कान राखायला बोळे घातले, ते दिवसभर. आळी पुन्हा हसली असेल, पण आता त्याला त्याचं काही नव्हतं. दारात द्वारका आली. त्याच्या कानात बोळे बघून काहीतरी बोलली आणि हसली. सदोबाने बोळे काढले, तरी तिचा आवाज कानात शिरेना; तो नुसता तिच्या ओठांकडे बघत राहिला. तिचं हसू कसं वाजायचं, ते आठवायचा त्याने फार प्रयत्न केला. आठवेना, तेव्हा तो हातोडा खाली ठेवून रडला.

तात्पर्य: आपल्या मापाचं आणि कामाला साजेसं संरक्षण काम चालू असतानाच अंगावर हवं, लोकलाजेने ते काढून ठेवणाऱ्याचं गेलेलं लोक भरून देत नाहीत.