नावाड्याचा घास

खूप जुनी गोष्ट. त्या काळच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. डोंगरावर वैद्यांचं एक गुरुकुल होतं. तिथे शिकायला येणाऱ्यानं आधी गावात रुग्णसेवा करायची, प्रत्येक प्रहराला दोरीत एक गाठ मारायची आणि ती दोरी आचार्याबाईंना दाखवायची, असा नियम होता.

खालच्या गावात सगुणा नावाची मुलगी होती. तिला वैद्य व्हायचं होतं. नदीकाठी एक म्हातारा नावाडी अंथरुणाला खिळला होता. त्याचं अर्धं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. सगुणा त्याला आजोबा म्हणायची. ती रोज त्याला भरवायची, पुसून काढायची, कूस बदलून द्यायची.

आई म्हणायची, "अगं, गाठ मारत जा. उद्या विचारतील."

"आजोबांना पेज भरवली त्याच्या गाठी कसल्या मारायच्या? लाज वाटते मला," सगुणा म्हणायची.

प्रवेशाचा दिवस आला. शेजारच्या काकूंकडे आजोबांना सोपवून ती डोंगर चढली. तिच्यापुढे एक मुलगा लांबलचक दोरी घेऊन उभा होता. बाईंनी एका गाठीवर बोट ठेवून विचारलं, "ही कुणाची?" त्याला कुणाचा चेहराही आठवेना. बाईंनी त्याला परत पाठवलं.

सगुणाचे हात रिकामे होते. तिनं नावाड्याबद्दल सांगितलं. "मी मोजलं नाही, बाई. मोजावंसं वाटलं नाही."

बाई रागावल्या नाहीत. "बरं. आज त्यांना कोण भरवतंय?"

"शेजारच्या काकू."

"कसं भरवायचं, ते ठाऊक आहे त्यांना?"

सगुणाचा चेहरा पांढराफटक पडला. हनुवटी खाली झुकवली नाही तर आजोबांना ठसका लागतो. पेज दाटच लागते. उजव्या कुशीवर ठेवलं की ते कळवळतात. हे सगळं तिला एकटीला माहीत होतं. तिनं ते कुठे लिहिलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं.

ती धावत डोंगर उतरली. काकू दारातच रडत बसल्या होत्या. "पोरी, घास दिला की त्यांचा जीव घुसमटतो गं. माझा हातच पुढे होईना."

आजोबा उपाशी होते. सगुणानं काकूंचा हात धरून आजोबांची हनुवटी हळूच झुकवली. घास उतरला. म्हाताऱ्यानं चांगला हात उचलून काकूंच्या मनगटावर ठेवला. काकूंना हुंदका आवरेना.

मग सगुणानं कोळशानं भिंतीवर सगळं लिहून काढलं. जो येईल तो वाचायचा आणि आपण काय दिलं ते खाली लिहायचा. हळूहळू गावातले बरेच जण आजोबांना भरवायला शिकले.

गुरुकुलाचं दार त्या वर्षापुरतं बंद झालं होतं. पुढच्या वर्षी सगुणा पुन्हा गेली. बाईंनी विचारलं, "आजोबा?"

"जेवले असतील आता," ती निर्धास्तपणे म्हणाली.

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला आत घेतलं.

बोध: सेवेची नोंद मिरवण्यासाठी ठेवू नये, पण आपल्यामागून येणाऱ्या हातांसाठी ती जरूर ठेवावी.