चार हातांचा राखणदार

मोडक्या खेळण्यांचे भाग जोडून नवी आकृती करायची, अशी हौशी लोकांची स्पर्धा सांगलीत भरली होती. परीक्षक खांबेटे सर हातात मोजपट्टी घेऊनच फिरत होते. लोकांनी हौसेनं केलेल्या खेळण्याला पट्टी लावणाऱ्या माणसाला काय म्हणावं, मला तरी सुचत नाही.

सुलभा घाटगेंनी जोडलेल्या राखणदाराच्या आकृतीपाशी सर थांबले. "डोकं दुसऱ्याच खेळण्याचं, धडाला शोभत नाही. पोट पायांना पेलणार नाही. आणि एकच हात चार वेळा वापरलाय. डोकं चालेनासं झालं की लोक असं करतात. बाद."

चारचौघांत ऐकवलेलं सुलभाताईंना झोंबलं. तरी आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "नियम सगळ्यांना सारखाच ना, सर?"

"या सभागृहात मांडलेल्या प्रत्येक आकृतीला."

"मग सुरुवात व्यासपीठावरून करा," तिथल्या गणपतीच्या मूर्तीकडे पाहत त्या म्हणाल्या. "सकाळी तुम्हीच हार घातलात. डोकं दुसऱ्याचं, पोट मोठं, चारही हात सारखे. आधी यांना बाद करा, मग मी माझा राखणदार उचलते."

सरांनी पट्टी खिशात घातली. नमस्काराला दोन्ही हात मोकळे लागतात.