चुळीची विहीर

भोजवाडीहून खाली उतरणारी गाडीवाट जिथे ओढ्याला मिळते, तिथे बाभळींच्या मधोमध एक मोठी दगडी विहीर आहे. तिला बाराही महिने पाणी असते. उन्हाळ्यात आसपासच्या बोअर आटतात, वाडीला टँकर लागतो, तरी या विहिरीवर कुणी मोटार बसवत नाही की घागर बुडवत नाही. तिथून जाणारा माणूस आपल्याजवळच्या पाण्याची चूळ भरतो, विहिरीत थुंकतो आणि पुढे चालू लागतो. पानतंबाखूवालेही तोंड तिथेच मोकळे करतात. काठाचे दगड लाल, चिकट झाले आहेत आणि त्यांवर माश्या बसलेल्या असतात.

आजिनाथ हीच विहीर शोधत आला होता. त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, इचलकरंजीत यंत्रमागावर चाळीस वर्षे काढून नुकतेच दोन खोल्यांचे घर बांधले होते. आठ दिवसांवर वास्तुशांत होती. कलशात मूळ गावच्या विहिरीचे पाणी घालायचे आणि दारावर ‘निंबसर’ अशी पाटी लावायची, एवढा एकच त्यांचा हट्ट. पण निंबसर कुठे आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. गावाचे नाव, नगर जिल्हा आणि आप्पांच्या खापरपणजोबांचे नाव, हैबती पाटील, एवढेच पिढ्यांतून उरले होते. “आम्ही पाटलाच्या घरातले,” असे आप्पा मागावरच्या लोकांना ऐकवीत.

आजिनाथने जुन्या कागदांच्या नकला मिळवल्या. अठराशे बहात्तरच्या खानेसुमारीत निंबसर होते. घरे बासष्ट, माणसे तीनशे अकरा. अठराशे एक्क्याऐंशीच्या यादीत त्याच नावापुढे एक शब्द होता, बेचिराख. दिवा लावायलाही माणूस उरलेला नाही, असे गाव. मग त्याने बहात्तरचाच गावनकाशा फोनवरच्या उपग्रहाच्या चित्राशी ताडून पाहिला. ओढ्याचे वळण जुळले आणि वळणाच्या आत ही विहीर दिसली.

काठाशी भोजवाडीचे गेनूतात्या आणि त्यांचा सोबती बन्सी सावलीला बसले होते. आजिनाथने पिशवीतून रिकामी बाटली काढलेली पाहताच बन्सी ओरडला, “ओ पाव्हणं, तिकडं कुठं? ते पानी म्हशीला पाजलं तर म्हैस शिव्या दील!”

“बस हितं,” तात्या म्हणाले. “आदी ऐक. मंग भर काय भरायची ती बाटली.”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

फार मोठा दुष्काळ पडला होता, असे सांगतात. तीन वर्षे शेतात नांगर शिरला नाही. माणसे झाडाच्या साली उकडून खात होती आणि खडी फोडायच्या सरकारी कामावर जाण्यासाठी वाटेने रांगा लागल्या होत्या. पंचक्रोशीतल्या साऱ्या विहिरींनी तळ दाखवला, निंबसरच्या विहिरीला मात्र पुरुषभर पाणी होते. ते गावाबाहेर जाऊ नये म्हणून हैबती पाटलाने काठावर राखण बसवली. वाटसरूने लांबूनच हात जोडायचे आणि पुढे जायचे, असा गावाचा ठराव होता म्हणे.

नाव ऐकताच आजिनाथने मान खाली घातली. तात्यांना ते दिसले नाही.

एके दिवशी भर दुपारी एक बाई आली. साळू तिचे नाव. कडेवर दोन वर्षांचे पोर, त्याची जीभ टाळ्याला चिकटलेली. बाईने काठाला शिवायचा प्रयत्नही केला नाही. लांब उभी राहून मातीचे बोळके पुढे केले आणि म्हणाली, “मला नगं. पोराच्या तोंडापुरतं घाला.”

पाटील जेवून आला होता. त्याने तांब्याभर पाणी मागवले. बाईला वाटले, मिळाले. पाटलाने घोट तोंडात घेतला, या गालातून त्या गालात खुळखुळवला, दातांतले कण सोडवले, घसा खाकरला आणि ती सगळी चूळ बाईच्या बोळक्यात टाकली. “घे,” म्हणाला, “पाटलाच्या तोंडचं हाय.”

साळूने बोळक्यात पाहिले. वर फेस होता, भाकरीचा चोथा होता, कफाची तार होती. पोराने बोळक्याकडे हात केला म्हणे.

तिने पोराचा हात धरला. शांतपणे चालत काठाशी आली. राखणदार हसण्यात गुंतले होते, त्यांना अडवायचे सुचले नाही. तिने बोळके विहिरीत उपडे केले. “तुमचं हाय, तुमीच प्या,” एवढे बोलून ती वाटेला लागली. पुढे तिचे काय झाले, पोर जगले की नाही, कुणी सांगत नाही.

संध्याकाळी पाटलाच्या घरात पाणी आले. दिसायला नितळ, वास नाही. पण तोंडात घेताच ते कोमट, बुळबुळीत लागले, दुसऱ्याने चघळून टाकल्यासारखे. घशाखाली उतरेना. पाटील ओकला. शेजारी ओकले. डाळ शिजवली तर तोच चोथा जिभेवर, कण्या शिजवल्या तर तीच तार. आईच्या दुधालाही तीच चव आली म्हणे, तान्ही पोरे तोंड फिरवू लागली. नवी विहीर खणली, तिलाही तेच पाणी लागले. चार महिन्यांत बासष्ट चुली थंड झाल्या. विहीर तेवढी भरलेली राहिली.

“तवापासनं हितं चूळ टाकायची आन् म्हनायचं, थू हैबती पाटला!” असे म्हणून तात्यांनी बन्सीच्या बाटलीतून घोट घेतला आणि चूळ विहिरीत टाकली. लाळेचा धागा दगडावरून ओघळत गेला.

आपल्याच तोंडात कुणीतरी खाकरले आहे असे आजिनाथला वाटले. तो म्हणाला, “हैबती पाटील माझ्या आप्पांचे खापरपणजोबा.”

बन्सी नकळत हातभर मागे सरकला. तात्यांनी मिशी पुसली. “मंग तू नगं थुकू, बाबा. आपल्याच बापजाद्यावर कोन थुकतं व्हय?”

“तात्या, तेव्हा गावात तीनशे अकरा माणसं होती. बाकीची तीनशे दहा काय करत होती?”

“काय करत्यात? जमली हुती. बघत हुती.”

“आणि हसत होती. तुम्हीच सांगितलंत.”

“राखनदार हसलं.”

“आणि बाकीचे?”

तात्या मग हळूच म्हणाले, “आमचा म्हातारा सांगायचा. समदं गाव हसलं. बायाबी.”

“तुमच्या म्हाताऱ्याला कसं ठाऊक?”

आजिनाथने कागद मांडीवर उलगडले. बहात्तरच्या नकाशात भोजवाडीच्या जागी नुसता माळ होता. घर नाही, वाट नाही. एक्क्याऐंशीच्या यादीत मात्र निंबसर बेचिराख होते आणि त्याच्याच पुढच्या ओळीत भोजवाडी होती, घरे एक्केचाळीस.

“आमी वरनं आलो, घाटावरनं,” तात्या चिडून म्हणाले. “आमचं देवबी तिकडचं!”

“आवो तात्या,” बन्सी म्हणाला, “एक्केचाळीस घरं काय आभाळातनं पडली? आन् तुमच्या रानाला समदी वाडी निंबसरची पट्टी म्हंती, ती उगाच?”

तात्यांनी त्याला शिवी हासडली, पण तिच्यात जोर नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. आप्पा होते. “सापडलं का रे?”

“सापडलं.”

“आणि विहीर? पाणी हाय?”

“काठोकाठ.”

“मग भर की बाटली!”

“प्यायजोगं नाही, आप्पा.”

“अरे, प्यायचंय कुणाला? कलशात तर घालायचं!”

आजिनाथने काठाच्या लाल, चिकट दगडांकडे पाहिले. “घरात आणण्याजोगं नाही,” तो म्हणाला. “आणि ती पाटीही करायला टाकू नका. येऊन सांगतो सगळं.”

“पाटलाच्या घरचं काय निघालं का?” आप्पांनी विचारले.

“होय,” तो म्हणाला.

त्याने बन्सीच्या बाटलीतून घोट घेतला, चूळ भरली आणि विहिरीत टाकली. कुणाचे नाव घेतले नाही. रिकामी बाटली पिशवीत ठेवून तो वाटेला लागला.

आजही त्या वाटेने जाणारा माणूस थांबून चूळ टाकतो. विहीर आजही भरलेली आहे आणि टँकर आजही येतो. गेनूतात्याही थुंकतात, पण हैबती पाटलाचे नाव आता त्यांच्या तोंडून येत नाही. कुणी पाहुण्याने विचारलेच, “तात्या, हे कुणाच्या नावानं?” तर ते ओठ पुसतात आणि म्हणतात, “टाक की गुमान. हितं समद्यांचंच हाय.”