फुकटची सेना

आंबेखोल गावात भिवरा नावाची एक मेंढपाळ बाई राहत होती. तिच्या गावाचे गायरान राजा चंद्रभानला शिकारीसाठी हवे होते. गावकऱ्यांनी दरबारात जाऊन पुष्कळ विनवण्या केल्या. राजा हसून म्हणाला, "मला पत्त्यांत हरवा आणि गायरान ठेवा."

त्या राज्यात पत्त्यांचा एक खेळ घरोघरी चाले. जो तो बाजारात अदलाबदल करून आपले पत्ते जमवी. पत्ता मांडायचा तर त्याचे मोल कवड्यांत भरावे लागे. 'सेना' या पत्त्याला मात्र ठरलेले मोल नव्हते. जितके सैनिक बोलाल, तितक्या कवड्या भरायच्या. ज्याची सेना मोठी, त्याचा डाव.

राजापुढे बसायला कोणी धजेना. भिवरा म्हणाली, "मी बसते. मेंढरं चारायची कुठं, हा प्रश्न माझाही आहे."

भर दरबारात डाव रंगला. शेवटी भिवराजवळ पाच कवड्या उरल्या. तिचा 'वाटाड्या' आधीच मांडलेला होता. तो असला की पुढच्या पत्त्याला दोन कवड्यांची सूट मिळे. तिने सेना टाकली आणि म्हणाली, "सात सैनिक!"

"पाच कवड्यांत सात?" राजा गरजला.

म्हातारे पंच विसोबा म्हणाले, "महाराज, आधी आकडा बोलायचा, मग सूट वजा करायची. सातातून दोन गेले, पाच राहिले. बाईंनी पाच भरल्या. सेना सातांचीच."

राजाच्या कवड्या संपल्या होत्या. पण त्याच्या हातात सेनेबरोबर 'राजमुद्रा' होती. तो पत्ता मांडायला कवडी लागत नसे, आणि तो टाकला की दुसरा कोणताही एक पत्ता मोल न भरता मांडता येई. राजाने दोन्ही पत्ते आपटले. "मला काहीच भरायचं नाही. मग कितीही बोलेन. हजार सैनिक!"

दरबाराने टाळ्यांचा कडकडाट केला.

"एकही नाही," भिवरा म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"महाराज, माझी सूट मी बोललेल्या मोलातून वजा झाली. तुम्ही तर मोलच देत नाही. जितकं मोल, तितके सैनिक. मोल नाही, तर सैनिक कुठले?"

"कुणाशी बोलतेस, कळतं का तुला?"

"कळतं. तुमच्याकडं खरी फौज आहे. गायरान आजच हिसकावून घ्या, आम्ही अडवायला उभे राहू. पण हा डाव तुम्ही जिंकलात, असं माझ्या तोंडून येणार नाही."

राजा पंचांकडे वळला. "विसोबा, नियम सांगा. आणि नीट विचार करून सांगा."

विसोबांचे घरदार राजाच्या अन्नावर चालत होते. त्यांनी भिवराकडे पाहिले. ती मान ताठ ठेवून बसली होती. विसोबांनी डोक्यावरचे पंचाचे पागोटे उतरवून राजापुढे ठेवले.

"महाराज, हे हवं तर परत घ्या. नियम तुमच्या आजोबांच्या काळापासून हाच आहे. राजमुद्रेनं मांडलेली सेना शून्याची. डाव बाईंचा."

शब्द तर सर्वांदेखत दिलेला होता. राजाने पत्ते भिरकावले आणि तो आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने राजधानीत तो खेळच बंद केला. विसोबांचे पंचपद गेले.

पण गायरान गावाकडेच राहिले. भिवराने विसोबांना आंबेखोलला बोलावून घेतले. तिथे दर बाजाराच्या दिवशी वडाखाली, येणाऱ्याजाणाऱ्या शिपायांच्या डोळ्यांदेखत, पत्त्यांचे डाव पडू लागले. पंच म्हणून विसोबा बसत.

तात्पर्य एवढेच: मोल मोजणाऱ्यालाच सवलतीचा लाभ होतो, फुकट मागणाऱ्याच्या हाती शून्य येते, आणि समोर राजा असला तरी शून्याला हजार म्हणू नये.