दालचिनीचा टोस्ट आणि वाऱ्याची पेटी

सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथे डोंगर उतरून उतरून दमतो आणि सावलीत जरा टेकतो, तिथे दालचिनीची एक बाग आहे. या झाडांची कोवळी पालवी आधी तांबडी असते, मग गुलाबी होते आणि सगळ्यात शेवटी हिरवी. त्यामुळे लांबून पाहिले तर फांद्याफांद्यांवर कुणी इवल्या इवल्या पणत्या लावून ठेवल्या आहेत, असे वाटते. या बागेच्या कुंपणाला लागून असलेल्या एका कौलारू घरात बकुळ नावाची आठ वर्षांची मुलगी तिच्या आईबरोबर राहत असे.

बकुळची आई, सुनंदा, बागेत दालचिनी सोलायचे काम करी. झोपलेल्या बाळाच्या अंगावरचे पांघरूण काढावे, तितक्या अलगद ती फांदीवरची साल सोडवी. साल उन्हात वाळली की तिची सोनेरी, तपकिरी सुरळी होई. मग सुनंदा डोळे मिटून ती सुरळी नाकाजवळ नेई आणि सांगे, "ही विहिरीकडच्या झाडाची. ही उतारावरच्या जुळ्या झाडांची." तिचे सांगणे कधीही चुकत नसे.

पण त्या वर्षी सुनंदाला मोठा ताप आला. पुढे ताप गेला, पण जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला, आणि नाकाचा वासही. गूळ तिला मातीसारखा लागे आणि भात कागदासारखा. दोन घास खाऊन ती वाटी बाजूला सारी. तिचे हात दिवसेंदिवस बारीक होत होते. हातातल्या काचेच्या बांगड्या आता कोपरापर्यंत घसरत. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "औषधाचं काम झालं. आता अन्नानंच ताकद यायला हवी."

शेजारच्या अनसूयाकाकी रोज संध्याकाळी वाटीभर पेज आणि त्यावर घालायला चमचाभर तूप घेऊन येत. बकुळ आपल्या वाट्याची पेजही हळूच आईच्या वाटीत ओती. आई ती खात नसे, पण ओतलेली तिला दिसत असे.

एके सकाळी बकुळने विचारले, "आई, तुला काय खावंसं वाटतं?"

आईने कौलांकडे पाहिले. "पूर्वी मी तव्यावर दालचिनीचा टोस्ट करायची, आठवतो? त्याचा वास आठवायचा प्रयत्न करते, पण आठवतच नाही बघ."

बकुळ लगेच उठली, पण आईने तिचा हात धरला. "मी उठेपर्यंत चुलीला हात लावायचा नाही. कबूल केलं आहेस ना?"

बकुळने कबूल केले होते, आणि दिलेला शब्द ती मोडत नसे. म्हणून ती अनसूयाकाकींकडे गेली.

"चूल न पेटवता टोस्ट करायचा?" काकींनी चष्मा कपाळावर चढवला. "माझ्याकडे आहे गो एक यंत्र. मुलानं पाठवलंय. एअर फ्रायर म्हणतात त्याला. वाऱ्यावर तळतं म्हणे. मी सत्तर वर्षं तेलात तळत आले, आता वाऱ्यावर काय तळणार? कोपऱ्यात धूळ खातंय."

ती गुळगुळीत, काळीभोर पेटी होती. तिच्या पोटात ओढून काढायचा एक खण होता आणि खणात तारेची एक छोटीशी जाळी. वर काकींच्या मुलाने कागद चिकटवला होता: 'ब्रेड – १८० अंश, पाच मिनिटे. जाळी लावणे.'

"घेऊन जा," काकी म्हणाल्या. "पण संध्याकाळपर्यंत परत आण. उद्या मुलगा येतोय. पेटी जागेवर दिसली नाही, तर मी ती कुणाला तरी देऊन टाकली असं समजून रुसून बसेल. चाळीस वर्षांचा घोडा, पण रुसतो अजून." आणि त्यांनी ब्रेडचे तीन कापही बकुळच्या हातावर ठेवले.

वादळात तार तुटल्यापासून बकुळच्या आणि काकींच्याही घरात वीज नव्हती. बागेच्या पंपघरात मात्र होती. बागेवर देखरेख करणाऱ्या मुकादमकाकांनी तिला कोरड्या ओट्यावर पेटी मांडून दिली, पाण्यापासून वायर दूर ठेवली आणि ते पलीकडच्या झाडांना आळी करू लागले. बागेत गळून पडलेले सालीचे तुकडे उचलायला कुणाची मनाई नव्हती. तिसऱ्या रांगेतल्या वाकड्या झाडाखालचे तुकडे बकुळने वेचले, दगडावर बारीक कुटले आणि आईसाठी घरात राखून ठेवलेली शेवटची मूठभर साखर त्यात मिसळली. ते मिश्रण ऊन पडलेल्या वाळूसारखे चमचमत होते.

आता जाळी. चुलीवर पापड भाजताना आई जाळी खाली ठेवी आणि पापड वर. बकुळने इथेही तसेच केले: खाली जाळी, वर ब्रेडचा काप, त्यावर भुरभुरलेली दालचिनी. तिने खण लोटला आणि चकती फिरवली.

पेटीच्या पोटात वारा घुमू लागला. आणि पाहता पाहता तो हलकासा काप वाऱ्याबरोबर वर उडाला, पेटीच्या छतातल्या तापलेल्या तारांना चिकटला आणि काळाठिक्कर पडला. कापावरची दालचिनीची सगळी पूड मागच्या झरोक्यातून बाहेर आली. हवेत सोनेरी, तांबूस, मधाच्या रंगाचा एक ढग तरंगला, आणि त्या ढगात कुणीतरी नाजूकपणे शिंकले.

पंपघराच्या खिडकीत डोकावणाऱ्या त्या वाकड्या झाडाच्या पानावर बोटाएवढी एक परी बसली होती. तिचा झगा दालचिनीच्या सुरळीचा होता, केसांत गुलाबी पालवीचा तुरा होता, आणि चिमुकले पंख साखरेने एकमेकांना चिकटले होते.

"या झाडाची परी मी, तमालिका," ती म्हणाली. "आपल्याच झाडाचा वास आला म्हणून झरोक्यापाशी डोकावले, तर ही दशा झाली."

बकुळ स्वतःचा जळलेला काप विसरली. तिने केळीचे कोवळे पान पाण्यात भिजवले आणि फुलपाखराला लावावीत तितक्या हलक्या बोटांनी परीचे पंख एकेक करून पुसले. पंख सुटले. त्यांच्यावरून तांबड्या, सोनेरी, जांभळ्या छटा सळसळत गेल्या.

"दुखलं का?" बकुळने विचारले.

"अजिबात नाही. आणि तू असं विचारलंस, म्हणून तुला काही द्यावंसं वाटतं. तुझ्याकडे दोन काप उरले आहेत. मी त्या प्रत्येकात एक इच्छा ठेवते. मात्र इच्छांना नियम असतात, ते नीट ऐक. जो टोस्ट भाजेल, त्यानं तो खायचा नाही. जो खाईल, तो पहिल्या घासाबरोबर जे मागेल, ते खरं होईल. आणि टोस्टमध्ये इच्छा आहे, हे खाणाऱ्याला आधी सांगायचं नाही. सांगितलंस, तर तो नुसता टोस्ट."

बकुळने तिन्ही नियम बोटांवर पुन्हा म्हणून दाखवले. तिला फार बरे वाटले. आईला टोस्ट दिला की आई चव मागणार, यात तिला कसलीच शंका नव्हती.

"आणखी एक," परी म्हणाली. "हा नियम नाही, सल्ला आहे. ही चूल नव्हे. इथे विस्तव खाली नसतो, वारा वर असतो. जाळी कापावर ठेव. आणि पूड टिकायला आधी तुपाचं बोट फिरव."

काल आईने न खाल्लेले तूप वाटीत तसेच होते. बकुळने ते घरून आणले, त्यातले निम्मे एका कापावर कडेपर्यंत पसरले, त्यावर दालचिनी पेरली आणि वर जाळी ठेवली. पाच मिनिटे ती ओट्यापाशी गुडघे पोटाशी घेऊन बसली. साखर विरघळत गेली, कडा सोनेरी झाल्या, आणि पंपघरात असा काही गोड, उबदार वास भरला की झाडावरच्या खारीही खाली उतरल्या. मग पेटी म्हणाली, टिंग.

बकुळने गरम टोस्ट पानात गुंडाळला आणि ती घरी धावली.

आईने पहिला घास घेतला. टोस्ट कुरकुरला. बकुळ श्वास रोखून आईच्या ओठांकडे पाहत राहिली.

आईने मात्र टोस्टकडे पाहिले नाही. तिने बकुळच्या खोल गेलेल्या गालांकडे पाहिले आणि ती हळूच म्हणाली, "माझ्या लेकराचं पोट भरू दे."

त्याच क्षणी बकुळचे पोट भरले. वरणभात, तूप, लिंबाची फोड आणि वर केळे खाल्ल्यावर भरते, तसे तुडुंब भरले. कालपासूनची भूक कुठल्या कुठे गेली. पण तिचे डोळेही भरून आले, कारण आईने दुसरा घास कागद चावावा तसा चावला आणि उरलेला टोस्ट उशाशी ठेवून दिला.

"छान झालाय ना?" आई म्हणाली. "मला कळत नाही, पण झाला असणार."

बकुळ बागेत परतली. दुसरा काप तिने तितक्याच काळजीने भाजला. टिंग झाले, तेव्हा ऊन झाडांच्या बुंध्यांवर आले होते. पेटी परत करायची वेळ झाली होती.

आणि तेव्हा तिला आठवले. दुसऱ्याच्या घरचे भांडे रिकामे परत पाठवायचे नाही, ही आईची शिकवण होती. काकींच्या पेजेच्या वाटीतून रोज काहीतरी परत जाई. घरात देण्याजोगे काही नव्हते, म्हणून गेले बारा दिवस बागेतले एखादे फूल. काकी ते फूल हसून केसांत माळत. आज पेटीच्या खणातही फूल ठेवले असते, तर काकींनी तेही माळले असते.

पण बारा दिवस काकींनी पेज दिली होती, आणि बारा दिवस त्यांना एक घाससुद्धा परत मिळाला नव्हता. आज पहिल्यांदाच बकुळच्या हातात देण्यासारखे काहीतरी होते.

ती पायरीवर बसली. टोस्ट तिच्या मांडीवर ऊब देत होता. "तमालिका," तिने विचारले, "आईला हा दिला, तर या खेपेला ती स्वतःसाठी मागेल?"

"मला ठाऊक नाही," परी म्हणाली. "माणसं काय मागतील, हे परीला आधी कळत नाही."

"आणि काकींना दिला, तर आईसाठी काहीच उरणार नाही."

बकुळने खूप वेळ विचार केला. शेवटी तिने पेटी आतून बाहेरून स्वच्छ पुसली, खणात पान अंथरले, त्यावर टोस्ट ठेवला आणि ती पेटी छातीशी धरून काकींच्या दारात गेली.

"फोडली नाहीस ना गो?" काकींनी खण ओढला आणि त्या थबकल्या. "हे काय?"

"तुमच्यासाठी आहे, काकी. भांडं रिकामं द्यायचं नसतं."

"माझ्यासाठी?" काकी उंबऱ्यावरच बसल्या. त्यांनी टोस्ट नाकाशी नेला, उलटसुलट करून पाहिला. "वाऱ्यावर भाजलाय म्हणे, आणि कडा बघ कशा नेमक्या. मुलाला दाखवला असता, पण उद्यापर्यंत कशाला राहतोय." त्यांनी एक घास तोडला, चावला, आणि त्यांचे चावणे हळूहळू थांबले. "आईनं खाल्ला का तुझ्या?"

"दोनच घास. तिला चव लागत नाही."

काकींनी सुनंदाच्या घराकडे पाहिले. मग तोंडातला पहिला घास गिळता गिळता त्या म्हणाल्या, "सुनंदाच्या तोंडाची चव आणि नाकाचा वास परत येऊ दे रे देवा. दुसरं काही नको मला."

बकुळच्या अंगावर काटा आला. काकींनी पेजेची वाटी उचलली आणि दोघी कुंपणाच्या वाटेने घरी आल्या.

आई उठून बसली होती. काकींनी वाटी तिच्या हातात दिली. आईने सवयीने एक घोट घेतला आणि ती थांबली. तिने आणखी एक घोट घेतला. मग ती संकोचून म्हणाली, "काकी, राग मानू नका. मीठ जरा कमी झालंय."

काकींनी डोळे बारीक केले. "डॉक्टरीणबाईंनी मला मीठ कमी सांगितलंय, हाताला तीच सवय लागलीय. पण बारा दिवस अळणी पेज खाल्लीस आणि आज बोलतेस होय?"

"आज कळलं," आई म्हणाली. आपण काय बोललो, हे तिच्याही तेव्हाच लक्षात आले, आणि ती हसता हसता रडू लागली. बकुळ धावत जाऊन तिला बिलगली. आईने वाटी चाटूनपुसून रिकामी केली.

खिडकीबाहेर वाकड्या झाडाच्या शेंड्यावर तमालिका उभी होती. तिने आपले दोन्ही पंख उघडले. त्यांतून मधासारखा उजेड झिरपला, पानापानांवरून ओघळला आणि साऱ्या बागेची पालवी क्षणभर पेटल्यासारखी लखलखली. बकुळने डोळे चोळून पाहिले, तेव्हा फांदीवर मावळतीचे ऊन होते आणि एक गुलाबी पान हलत होते.

घरात आईने उशाशी ठेवलेला टोस्ट उचलला होता. तो गार झाला होता, तरी तिच्या दातांखाली कुरकुरला. तिने डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला.

"ही साल," ती म्हणाली, "तिसऱ्या रांगेतल्या वाकड्या झाडाची."